समुद्र पाच किलोमीटरवर

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी सहाला मी आणि माझी मुलगी तेजू कळसाडीच्या थांब्यावर शहाद्याच्या एसटीची वाट पाहत उभ्या होतो. आमच्या दोघींची मिळून एक बॅग होती आणि इतरांच्या चार पिशव्या. तेजूने पिशव्यांवरून एकदा नजर फिरवली, माझ्याकडे पाहिलं आणि त्यातली सगळ्यात जड पिशवी स्वतःकडे ओढून घेतली. प्रवासाला निघताना माणसाला हुरूप असतो म्हणतात. मी निघण्याआधीच दमलेली होते.

तेजू अकरा वर्षांची आहे. पाचवीला परीक्षा देऊन तिला नाशिकच्या एका निवासी शाळेत प्रवेश मिळाला, आणि येत्या बुधवारी तिला तिथे सोडून यायचं ठरलं होतं. जायच्या आधी तुला काय हवं ते माग, असं मी तिला म्हटलं होतं. मला वाटलं, सायकल मागेल. ती म्हणाली, "मले समुद्र देखना शे."

समुद्र मीही पाहिलेला नव्हता. एक्केचाळीस वर्षं झाली, आमचं पाणी म्हणजे तापी आणि उसाच्या पाटाचं. पण सुरतेजवळ डुमसला समुद्र आहे, सुरतेत उधन्याला माझी नणंद आहे, आणि शनिवार-रविवार माझ्या कचेरीला सुट्टी असते. तेजूचे वडील कापसाच्या लागवडीत अडकलेले. म्हटलं, बरंच झालं. दोन दिवस फक्त आम्ही दोघी, आणि एक समुद्र. त्यानंतर ती थेट दिवाळीलाच घरी येणार होती.

आता पिशव्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या भागातलं कुणी सुरतेला निघालं की त्याच्या हाती पिशवी द्यायची रीत आहे. गावातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी तिकडे साच्यांवर (कापडाच्या यंत्रमागांवर) नाहीतर साडीच्या बाजारात कामाला आहे, नाहीतर लेक तिकडे दिलेली आहे. मग त्यांच्यासाठी कळण्याचं पीठ (ज्वारी आणि उडदाचं), बिबडे (ज्वारीचे पापड), तूरडाळ, लाल मिरची असं काहीबाही जातं. नव्या माणसाला वाटेल, हे सगळं सुरतेत मिळत नाही की काय. सगळं मिळतं. कुरिअरनेही पाठवता येतं. पण कुरिअरला डोळे नसतात. पिशवी नेणाऱ्याने घरात जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, जेवायचं, लेक वाळली की भरली ते पाहायचं, पंखा नवा की जुना तेही पाहायचं, आणि परत आल्यावर पिशवी देणाऱ्याला सगळं सांगायचं. पिशवी दारातून देऊन आलं तर ती दिली असं कुणी धरत नाही.

सासूबाईंनी दूध घालायला गेल्यावर डेअरीत सांगितलं, की सून सुरतेला चालली आहे. तिथेच माझा शनिवार-रविवार संपला. एक पिशवी खुद्द सासूबाईंची, त्यांच्या लेकीला म्हणजे माझ्या नणंदेला. दुसरी शेजारच्या सुमनबाईंची, त्यांच्या संगीताला. तिसरी यमुनाबाईंची, त्यांच्या लोटनला. चौथी शहाद्याचे टेलर शकीलभाई यांची, त्यांच्या बहिणीला. मी शहाद्याच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसते. येईल तो कागद घ्यायचा, शिक्का मारायचा आणि पुढे पाठवायचा, हेच वीस वर्षं केलंय. नाही म्हणायची सवय हाताला नाही आणि जिभेलाही नाही. तेजूने फक्त विचारलं होतं, "समुद्रले टाइम ऱ्हाई ना, मम्मी?" मी म्हटलं, राहील.

एसटी अर्धा तास उशिरा आली. शहाद्याला गाडी बदलून नंदुरबारला निघालो. प्रकाशाच्या पुलावरून तापी दिसली. उन्हाळ्यात आटलेली, मधे मधे वाळूचे पट्टे. हीच पुढे सुरतेला जाऊन समुद्राला मिळते, असं मी तेजूला सांगितलं. ती खिडकीतून मान काढून पूल संपेपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, म्हणजे आपल्या आधी पाणी पोचणार. मी हो म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

नंदुरबार स्टेशनवर मिरचीच्या पोत्यांचा खकाणा नाकात गेला आणि दोघी शिंकत शिंकतच गाडीत चढलो. जागा मिळाली ती दाराजवळ, पिशव्यांवर पाय ठेवून. गाडी खांडबाऱ्याच्या पुढे गेली तशी डोंगराची हिरवी कड दिसू लागली, साग आणि पळस, मधे कौलारू घरं. मी तेजूला काही दाखवावं म्हणून तिच्याकडे वळले, तर तिच्या मांडीवर पिवळाजर्द डाग पसरत होता. सुमनबाईंच्या कैरीच्या लोणच्याची बरणी झिरपत होती.

तो फ्रॉक तिने समुद्रासाठी ठेवला होता. निळा, पांढऱ्या लेसचा. मी तिला सांगितलं होतं की प्रवासात जुना घाल, पण तिला आज पोचल्या पोचल्या समुद्रावर जायचं होतं. नवापूरला गाडी थांबली तशी मी तिला घेऊन नळाकडे धावले. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून उभं राहायचं, असं तिने वाटेत ठरवलं होतं. ते राहून गेलं. दोन्ही पाय महाराष्ट्रात ठेवून आम्ही डाग चोळत होतो. नळावर अंड्यांचे रिकामे ट्रे धुणारी एक बाई होती. तिने आमच्याकडे पाहून सांगितलं की चोळू नका, हळद आहे, उन्हात वाळवलं की फिकी होते. गाडीने शिट्टी दिली आणि आम्ही ओल्या फ्रॉकसकट परत चढलो. माझा चेहरा पडलेला पाहून तेजू म्हणाली, "चाली, मम्मी." चाली म्हणजे चालेल. हा शब्द मी त्या दोन दिवसांत फार वेळा ऐकला.

व्यारा, बारडोली करत गाडी उधन्याला लागली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि अंगाला घामाचा लेप बसला. आमच्याकडचं ऊन कोरडं असतं, भाजतं आणि सोडून देतं. सुरतेचं ऊन चिकटून राहतं. रिक्षा, टेम्पो, साड्यांचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या आणि त्यांतून वाट काढणारी माणसं. कानावर येणाऱ्या दर दुसऱ्या वाक्यात आपलीच अहिराणी. तेजूला मोठं नवल वाटलं. तिला वाटलं होतं, दुसऱ्या राज्यात आलो म्हणजे काहीतरी वेगळं ऐकू येईल.

नणंद मीनाताई तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. लॉजवर उतरायचा विचार मी एकदा मनात आणला होता आणि मनातच ठेवला. सुरतेत नणंद असताना लॉजवर उतरलो असतो तर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात तो विषय निघाला असता. मीनाताईंनी आमरस, पुऱ्या आणि शेवभाजी केली होती. शेवभाजी अशी तिखट की घामाला कारणच मिळालं. जेवण झाल्यावर मी म्हटलं, आता चारला डुमसला निघतो. मीनाताई हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाल्या, "आज नही. तठे अंधार पडना का भुतं फिरतस." डुमसच्या भुतांची ख्याती सुरतभर आहे हे मला तेव्हा कळलं. उद्या सकाळी आरामात जा, आज जवळपासची पिशवी देऊन टाका, असं त्यांनी ठरवलं. मी भुतांना मानत नाही. पण मी मीनाताईंनाही नाही म्हणाले नाही.

म्हणून संध्याकाळी आम्ही लिंबायतला शकीलभाईंच्या बहिणीकडे गेलो. नसीमआपा पन्नाशीच्या. घर इतकं लहान की आम्ही बसायला पलंगावरचे कपडे उचलावे लागले. पिशवीत शकीलभाईंनी स्वतः शिवलेला सलवार-कुडता होता, जुन्या मापावरून. आपांनी पडद्याआड जाऊन तो लगेच घातला आणि आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर तो चांगला चार बोटं सैल होता. वर्षभरात त्या बऱ्याच उतरल्या असाव्यात. आरशात पाहून त्या मला म्हणाल्या, "भाई को बोलना, एकदम बराबर बैठा." मग जरा थांबून म्हणाल्या, "ढीला हुआ मत बोलना, वो फिकर करता." मी मान डोलावली. तेजू बशीतला शीरखुर्मा चमच्याने ढवळत होती आणि एकदा आपांच्या खांद्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती.

परत आलो तेव्हा मीनाताई आणि त्यांच्या दोन मुली साड्या पसरून बसल्या होत्या. बाजारातून साड्या घरी येतात आणि त्यांच्या काठावर चमकीचे खडे चिकटवून परत द्यायच्या असतात. तेजू त्यांच्यात जाऊन बसली. मी कोपऱ्यात पाय पसरले. पायांचे तुकडे पडले होते. दुकानातून लोचो आणला होता, डाळीचा वाफवलेला मऊ लगदा, वर तेल आणि शेव. तो मी आडवी पडूनच खाल्ला. तेजू खडे नीट ओळीत लावत होती आणि मधेच विचारत होती, समुद्र किती वाजता उघडतो. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मनात हिशेब केला की उद्या परतीची गाडी दुपारी पावणेतीनला आहे.

रविवारी आठ वाजता निघालो. फ्रॉक रात्रभर वाऱ्यावर वाळला होता, डाग अजून होता. माझा बेत असा होता की पांडेसऱ्यात संगीता आणि लोटन जवळजवळ राहतात, दोघांच्या पिशव्या दहापर्यंत देऊन टाकायच्या आणि अकराला समुद्रावर.

संगीताला मी तिच्या लग्नानंतर पाहिली नव्हती. गावात असताना झाडावर चढून चिंचा पाडणारी पोरगी. तिने दार उघडलं, मला पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि बरणीचं झाकण उघडून तसाच वास घेतला. मग ती रडायला लागली. नवरा कामावर गेलेला, सासू आतल्या खोलीत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडावर पदर दाबून ती रडत होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले. तिने फार काही सांगितलं नाही. इथे शेजारी कुणी बोलत नाही, दिवसभर खडे चिकटवून डोळे दुखतात, इतकंच. मी दोनदा उठले आणि दोनदा तिने माझा हात धरून खाली बसवलं. जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाली. सकाळी नवाला मी भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. दारात पोचवायला आली तेव्हा तिने चेहरा धुतलेला होता. म्हणाली, "मायले सांगज्या, मी खुशाल शे." तेव्हा सव्वादहा झाले होते.

लोटन ज्या कारखान्यात साचे चालवतो म्हणून यमुनाबाईंनी पत्ता दिला होता, त्याच्या दाराला कुलूप होतं. समोरच्या पानवाल्याने सांगितलं की तो बंद होऊन महिना होत आला. मग शोध सुरू झाला. या गल्लीतून त्या गल्लीत, प्रत्येकाला विचारत. उन्हाने जीव मेटाकुटीला आला. मी तेजूला म्हटलं, पिशवी मीनाताईंकडे ठेवून देऊ का, त्या नंतर देतील. हे मी तिला का विचारलं कोण जाणे. बहुतेक तिने हो म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणजे ठरवल्याचं ओझं माझ्यावर नको. ती म्हणाली, "यमुनाआजी वाट देखी ऱ्हायनी व्हई." आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागली.

सव्वाअकराला लोटन सापडला. एका खोलीत सहा माणसं, भिंतीला टेकून गुंडाळलेल्या गाद्या, मधे स्टोव्ह. तो झोपलेला होता, आमचा आवाज ऐकून धडपडून उठला आणि शर्ट घालू लागला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. साचे बंद पडल्यापासून तो बाजारात साड्यांचे गठ्ठे उचलायला जातो आणि मिळेल तेव्हा झोपतो. आमची बसायची सोय करून तो पाहुण्यांसाठी काहीतरी आणतो म्हणून जो बाहेर पडला, तो अर्ध्या तासाने थंड पेयाच्या दोन बाटल्या आणि गरम समोसे घेऊन आला. तो येईपर्यंत निघून जावं असं माझ्या मनात आलं होतं. पण पाहुणचार म्हणून देण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं, आणि ते न घेता उठणं मला जमलं नाही.

यमुनाबाईंच्या पिशवीतलं पीठ त्याने हातात घेऊन पाहिलं, परत बांधून ठेवलं. मग खाली मान घालून म्हणाला, "मायले काही सांगू नका, वहिनी. लोटन जाडा व्हयना, आसं सांगा." जाडा व्हयना म्हणजे अंगाने भरला. मी म्हटलं, सांगेन. तेजू समोसा खात नव्हती. तिने तो कागदात गुंडाळून त्याच्या उशापाशी ठेवला, हे मला बाहेर पडल्यावर कळलं.

बाहेर आलो तेव्हा साडेबारा झाले होते. मी पहिली दिसली ती रिक्षा थांबवली आणि डुमस म्हटलं. रिक्षावाले काका साठीचे, गुजराती, पांढरी मिशी. पाऊण तास लागेल म्हणाले. मी मनात मांडलं, सव्वा वाजता तिथे, पंधरा मिनिटं समुद्र, आणि सव्वादोनला उधना. तेजूने पहिल्यांदाच त्या दिवशी गुणगुणायला सुरुवात केली. पिशव्या संपल्या होत्या आणि आमचे हात मोकळे होते.

पण रविवार होता, रस्ता एका बाजूने खोदलेला होता आणि सगळं सुरत त्याच बाजूला निघालं होतं. एका पुलाखाली आम्ही वीस मिनिटं जागचे हललो नाही. मग रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना मोठे बंगले, मग मोकळी जमीन, खारट वारा. कडेला नारळपाणीवाले, रंगीत प्लास्टिकच्या बादल्या आणि फावडी टांगलेल्या गाड्या. समोरून मोटारसायकलवर माणसं येत होती, त्यांच्या पँटी गुडघ्यापर्यंत ओल्या होत्या आणि पायाला काळी वाळू चिकटलेली होती. तेजू अर्धी बाहेर वाकली होती. मी घड्याळ पाहिलं. एक वाजून पंचवीस मिनिटं.

काकांना विचारलं, अजून किती. "पांचेक किलोमीटर छे, बेन," ते म्हणाले.

मग माझ्या डोक्यात एकामागून एक सगळं आलं. ही गाडी चुकली तर पुढची नंदुरबारला पोचते तेव्हा शेवटची एसटी गेलेली असते. तेजूच्या वडिलांना शेतातून मोटारसायकल घेऊन यावं लागेल. सासूबाई जेवायच्या थांबतील. सोमवारी वरून साहेब तपासणीला येणार आहेत आणि माझी नोंदवही अपुरी आहे. सुमनबाई आणि यमुनाबाई वाट पाहत बसतील. मी सगळ्यांचा विचार केला. मग काकांना म्हटलं, रिक्षा वळवा, उधन्याला चला.

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. पाचच किलोमीटर आहेत, असं त्यांनी पुन्हा सांगितलं, जणू मला नीट ऐकू आलं नसावं. मी पुन्हा तेच म्हटलं. कुणी मला भाग पाडलं नव्हतं, हे लिहून ठेवायला हवं. पिशव्यांना दोष देता येतो, मीनाताईंच्या भुतांना देता येतो, खोदलेल्या रस्त्याला देता येतो. पण रिक्षा मी वळवली. तेजू आत सरकून नीट बसली आणि फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला. "चाली, मम्मी," ती म्हणाली.

उधन्याला पोचलो तेव्हा दोन वीस झाले होते. फलाटावर धावत गेलो, आणि गाडी सव्वा तास उशिरा असल्याची घोषणा ऐकली. तीन भाषांत झाली. तिन्हींत मला समजली.

आम्ही एका बाकावर बसलो. शेजारी एक कुटुंब डबा सोडून जेवत होतं आणि त्यांची लहान मुलगी प्लास्टिकच्या बादलीतून काळी वाळू फलाटावर ओतत होती. तेजू तिच्याकडे पाहत होती. मला रडू आलं. घाम पुसतेय असं दाखवून मी तोंड पुसलं. मी तिला म्हटलं, माझं चुकलं बेटा. ती माझ्या खांद्याला टेकली आणि म्हणाली, "दिवाळीले जाऊत ना." तिला माझी समजूत घालावी लागली, याचं मला त्या वेळी बरंच वाटलं, हे आठवलं की आता लाज वाटते.

गाडी आली. जागा मिळाली, आणि मी नवापूरपर्यंत मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा गाडी सुटत होती आणि तेजू खिडकीशी जागी बसली होती. नंदुरबारला सात वाजता उतरलो. आमची एसटी अर्थातच गेली होती, आणि तेजूचे वडील चिखलाच्या कपड्यांनिशी मोटारसायकल घेऊन बाहेर उभे होते. म्हणजे जे टाळायचं म्हणून रिक्षा वळवली, ते झालंच. त्यांनी विचारलं, झाली का सहल. मी म्हटलं, झाली. तिघं एका गाडीवर, मधे तेजू, प्रकाशाच्या पुलावर वारा जरा गार लागला.

सव्वाआठला घरी पोचलो. ओट्यावर सासूबाई, सुमनबाई आणि यमुनाबाई बसलेल्या होत्या. मी चपला काढायच्या आधीच सुमनबाईंनी विचारलं, कशी आहे संगीता. मी पायरीवरच बसले आणि सांगायला सुरुवात केली. संगीता खुशाल आहे, चेहऱ्यावर तेज आलंय, तुमच्या लोणच्याचा वास घेऊन हसली, शेजार चांगला आहे. सुमनबाईंनी पदराने डोळे टिपले. मग यमुनाबाई माझ्याकडे पाहत जरा पुढे सरकल्या. त्यांना म्हटलं, "लोटन जाडा व्हयना, बाई." त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. कारखान्याचं विचारलं, तर म्हटलं चालू आहे, काम भरपूर आहे. हे सगळं सांगताना मी हसत होते. मला ते सहज जमतं. त्यात मी कुणाचं वाईट करते असं मला आजवर वाटलेलं नाही.

तेजू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. यमुनाबाईंनी तिला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "आन तू काय देखं वं बेटा? समुद्र देखा का?"

मी तोंड उघडलं, पण तेजू माझ्या आधी बोलली. "हां, देखा," ती म्हणाली. "गंज मोठा व्हता. पायले पानी बी लागनं." गंज म्हणजे खूप.

ती अडखळली नाही. थेट यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाहून हसली, आणि ते हसू मी ओळखलं, कारण क्षणापूर्वी ते माझ्या तोंडावर होतं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, बघा, नोकरी सांभाळून पोरीची हौस पुरवली. दोघी शेजारणींनी माना डोलावल्या. सगळ्या खूश होत्या. मी पायरीवर बसल्या बसल्या चपला काढू लागले.

बायका गेल्यावर मी तेजूच्या मागोमाग आतल्या खोलीत गेले. ती फ्रॉक बदलत होती. मी विचारलं, खोटं कशाला बोललीस.

"त्यासले बरं वाटनं ना," ती म्हणाली. अगदी साधेपणाने, मला हे माहीत असायला हवं होतं अशा सुरात.

मी तिच्या पेटीजवळ बसले. बुधवारी ती पेटी घेऊन आम्ही नाशिकला जाणार होतो. तिथे आठवड्यातून एकदा, रविवारी फोनवर बोलता येतं. मी विचारणार, कशी आहेस, आणि ती सांगणार बरी आहे. जेवण चांगलं आहे, मैत्रिणी मिळाल्या, झोप लागते. मला बरं वाटावं म्हणून सांगणार. संगीताने सांगितलं तसं, लोटनने सांगितलं तसं. आणि मी तिकडे नसेन, तिचे गाल पाहायला, तिने तोंड धुतलंय का ते पाहायला. दोन दिवसांत समुद्र दाखवायचा होता, तो राहिला. दाखवलं ते हे.

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "तठे गई का मले खरं सांगजो. रडू उनं ते रडू उनं म्हनजो. मन्हाशी असं बोलू नको. सांगशी ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी फार दमलेली दिसत असेन. तिने माझ्या कपाळावर आलेले केस मागे सारले.

"हां मम्मी, सांगसू," ती म्हणाली आणि हसली. आवाज ओट्यावरचाच होता.